माले नको, त्यास्ले सांग

आमच्या घरात आई आणि पप्पा एकमेकांशी बोलायचे, पण माझ्यामार्फत. गुजरातेत, डिंडोलीतल्या चाळीत एकच खोली. आई ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटायची, पप्पा दाराजवळच्या खाटेवर बसायचे, आणि मी मधे.

"तुन्हा बापले सांग, पीठ सरी गयं."

मी वळून जोरात सांगायचे, "पप्पा, पीठ संपलं."

"सांग तिले, उद्या आनसू."

मग मी आईकडे वळायचे आणि तिने आधीच ऐकलेलं उत्तर तिला पुन्हा सांगायचे. माझ्या आधी हे काम मोठ्या बहिणीचं होतं. ती लग्न होऊन नंदुरबारला गेली, तशी जागा माझ्याकडे आली. शेजारच्या काकू मला 'तुमना रेडिओ' म्हणायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटायचं. शाळेत मी फारशी कुणाशी बोलत नसे, कॉलेजातही नाही. वर्गात सगळे गुजरातीत इतक्या भराभर बोलतात की माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. घरी मात्र माझ्याशिवाय पीठही येत नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिसऱ्या वर्षाला कौटुंबिक समुपदेशन हा विषय होता. एक दिवस मॅडमनी फळ्यावर त्रिकोण काढला. दोन माणसांमधला ताण त्यांना झेपेनासा झाला की ती तिसऱ्याला मधे ओढतात, त्या म्हणाल्या. बऱ्याच घरांत तो तिसरा म्हणजे मूल असतं. त्या मुलाला वाटतं आपण घर जोडून धरलंय, आणि त्या दोघांना मात्र समोरासमोर बोलायची वेळच येत नाही. मी मान खाली घातली. मॅडम आमच्या खोलीत येऊन गेल्या आहेत की काय असं वाटलं.

त्याच वर्षी मला एका समुपदेशन केंद्रात बसायला मिळालं. मी कोपऱ्यात बसून फक्त बघायचं होतं. तिथल्या ताई जोडपं आलं की आधी खुर्च्या वळवायच्या, दोघांची तोंडं एकमेकांकडे होतील अशा. तरी बायका ताईंकडेच बघून सांगायच्या, "इनको बोलो ना, घर पे ध्यान दे." ताई शांतपणे म्हणायच्या, "मुझे नहीं, इनको बताइए." मग नवऱ्याला विचारायच्या, "आता त्या काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा." एका माणसाला ते सांगताच येईना. तो बायकोकडे वळून म्हणाला, "फरी बोल ने." पुन्हा सांग ना. ती जे बघत राहिली त्याच्याकडे, ते मी घरी येताना बसमध्ये आठवत होते.

ताईंचं ते 'मुझे नहीं, इनको' मी घरी आणलं.

आई म्हणाली, "तुन्हा बापले सांग, गॅसनी बाटली..."

मी म्हणाले, "माले नको, त्यास्ले सांग."

आईचं लाटणं थांबलं. "तुले काय व्हयनं व?"

"काही नही. ते आठेच शेतंस. त्यास्ले सांग ना." मी पप्पांच्या खाटेकडे बोट केलं.

 तिने स्वतः उठून शेजारच्या काकूंच्या मुलाकडून सिलिंडर मागवला. पुढचे काही दिवस घर फार शांत होतं. पप्पा दोनदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तार तुटनी का?" पप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; सुताची एक तार तुटली की मशीन थांबतं, तेच त्यांच्या डोक्यात. मी नुसती हसले. नवीन पद्धतीत सुरुवातीला अस्वस्थता येते असं आम्हाला शिकवलं होतं.

मामाच्या मुलीचा साखरपुडा अमळनेरकडे होता. आईने त्याची वाट बघितली होती. माहेरी आम्ही तिघं मिळून गेल्याला फार काळ झाला होता. पप्पा मोरीत हात धूत होते, तेव्हा ती ओट्याजवळून म्हणाली, "आयकं का, ऐतवारले साखरपुडाले जानं शे. रजा टाकी द्या."

"हं," पप्पा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी पुस्तकात तोंड लपवलं. ती त्यांना म्हणाली होती. मी मधे नव्हते.

रविवारी सकाळी आई काठाची साडी नेसून उभी होती आणि पप्पांनी डबा मागितला.

"आज डबा कसाले?" आई म्हणाली.

पप्पांनी तिच्या साडीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मी जवळ जाऊन साखरपुड्याचं सांगितलं. "माले कोन्हीच सांगं नही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत, "तू बी नही?"

खातं, म्हणजे लूमचा कारखाना, रविवारीही चालू होतं, बदली माणूस मिळणार नव्हता. ते डबा घेऊन गेले. उधना स्टेशनावरून गाडीत आम्ही दोघीच बसलो. बारडोली गेल्यावर मी आईला विचारलं, "तू जोरात का नाही सांगितलं? त्यांना कमी ऐकू येतं, माहीत आहे ना तुला."

"जोरमा?" आई खिडकीबाहेर बघत होती. "त्यास्ले आयकू येवाले किती वरडनं पडस, तुले माहीत शे. भीतले भीत शे आपली. रोज नवरावर वरडनारी बाई म्हनतीन माले. तू पोर शेस. तू वरडनी तर कोन्ही काही म्हनत नही."

इतकी वर्षं मी मधे होते ते एवढ्यासाठी. त्यांच्यात भांडण नव्हतं असं नाही, प्रत्येक घरात असतं तेवढं असेल. पण पप्पांचे कान लूमच्या खडखडाटाने नेले होते, आणि आईला आपला आवाज भिंतीपलीकडे चाळीत जाऊ द्यायचा नव्हता. साखरपुड्यात सगळ्यांनी पप्पांचं विचारलं, पाहुणे कुठे? आई हसून सांगत होती, "खातामा सुट्टी नही भेटनी." मी तिच्याजवळ उभी होते, आणि तिथे मला सांगायला काहीच नव्हतं.

कॉलेजात मी हे मॅडमना सांगितलं, अडखळतच. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घरात कोण कुठे बसतं?"

हे मी कधी बघितलंच नव्हतं. आईची पाठ नेहमी खोलीकडे, पप्पांचं तोंड दाराकडे. त्या आठवड्यात मी पप्पांची खाट भिंतीकडे सरकवली, आणि आई मजुरीने साड्यांना स्टोन, म्हणजे चमकते खडे, चिकटवायला बसायची ती जागा खाटेसमोर केली, ट्यूबलाइटखाली. कारण विचारलं तर मी म्हणाले, उजेड बरा पडतो.

सुरुवातीला दोघंही अवघडले. मग एका संध्याकाळी आई काहीतरी हळू बोलली आणि पप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. लूमच्या खात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात, हातांनी बोलतात. पप्पांना ते पहिल्यापासून येत होतं. घरात कुणी त्यांच्यासमोर बसलंच नव्हतं. त्यांनी बोटांनी काहीतरी दाखवलं. आईला कळलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं. "पानी?" आई म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि ती हसली.

हळूहळू ती शिकली. पीठ, भाडं, दुकान, शेठ, डोकं दुखणं, प्रत्येकाला एकेक खूण होती. काही त्यांच्या खात्यातल्या, काही दोघांनी मिळून केलेल्या असाव्यात. आता ती डिंक लावता लावता मान वर करते, हात हलवते, ते उत्तर देतात. आवाज नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमना रेडिओ बंद पडी गया."

मला वाटलं होतं त्रिकोण सुटला की मलाही हलकं वाटेल. पुस्तकात तसंच लिहिलं आहे, तिसऱ्याला स्वतःचं आयुष्य मिळतं. मिळालं असेल. माझ्याकडे आता वाचायला भरपूर वेळ आहे. पण मी घरात येते तेव्हा मला कुणी काही सांगायला सांगत नाही, आणि वर्गातही मी अजून वाक्य जुळवतच असते.

परवा बहिणीचा फोन आला. "काय चाललंय घरी?"

"बोलतात आता दोघं."

"एकमेकांशी?" तिने विचारलं. "काय बोलतात?"

मी खोलीकडे बघितलं. पप्पांनी दोन बोटं कपाळाला लावून खाली आणली. आईने ओठ दाबून हसू आवरलं आणि उत्तरादाखल तळहात उलटा केला.

मी फोन बाजूला धरून विचारलं, "काय म्हणाले?"

"तुले काय करनं शे?" आई म्हणाली, रागाने नाही. "वाच तू."

"माहीत नाही," मी बहिणीला सांगितलं.