त्याचा ळ

भोपाळजवळच्या मिसरोदला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो एका मुक्त संगणक-प्रणालीसाठी आवाजाचे आणि चित्रांचे नियम ठरवतो, तेही फुकटात. घंटी किती वाजावी, खूण केवढी दिसावी, यावर जिन्यातही फोनवर भांडतो. मराठी मात्र भोपाळी: "काकू, नल आले का?" मी निवृत्त मास्तरीण, दर वेळी टोकायची, "नळ!"

परवा माइक घेऊन आला. मराठी वाचून दाखवणारा संगणक 'ळ'चा 'ल' करतो, म्हणून यानं त्या प्रणालीची नियमावलीच अडवून धरली होती.

"सगले म्हणतात, चलता है. मी नाही म्हटलं. तुम्ही बोला काकू, रेकॉर्ड करतो."

मी केळं, सकाळ, आभाळ म्हटलं. तो ओठ हलवत ऐकत राहिला.

"माझा तर गेला," म्हणाला, "मशीनचा तरी राहू दे."

आज पुन्हा हाक आली, "काकू, नल आले का?"

"आले रे, बाळा."