तंबूचं दार

शेतातल्या नव्या खोलीसाठी मिस्त्रीनं पाया आखायला चुन्याची फक्की टाकली आणि विचारलं, "काकू, दार कोणीकडे काढू?"

त्या प्रश्नानं मी थेट ग्वाटेमालात पोचले. लग्नानंतर आम्ही दोघं पाठीवर पिशव्या घेऊन तिकडे हिंडलो होतो. राजधानीच्या बाजारातून मक्याच्या भाकरी बांधून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ज्वालामुखीवर चढून तंबू ठोकला. शेजारचा डोंगर आग ओकतो, ती पाहायलाच मी आले होते. ह्यांनी मात्र घराच्या सवयीनं तंबूचं दारही पूर्वेला ठेवलं. डोंगर होता पश्चिमेला. अंधारताना माझ्या पायांत असे गोळे आले की उठवेना. बाहेर लोक आरोळ्या देत होते, हवेत गंधकाचा वास होता.

"आग पाहाले आली, अन् कापड पाहून राह्यली," मी म्हणाले.

ह्यांनी खुंट्या उपटल्या आणि मला आत ठेवूनच तंबू ओढत फिरवला. दारात लाल ठिणग्या उसळल्या. तेव्हा मी फक्त त्याच पाहिल्या. आज आठवतात ते दोरीनं सोललेले ह्यांचे हात.

मिस्त्रीनं पुन्हा विचारलं.

"तिलेच इचार," हे म्हणाले. "नाही तं मले आख्खी खोली फिरवा लागन."