निलगिरीच्या काकू

काकू आल्याचं बेल वाजण्याआधीच कळायचं, कारण जिन्यात निलगिरीचा वास यायचा. पदराला, केसांना, त्यांनी आणलेल्या पालकाच्या जुडीलासुद्धा तोच वास. नागपूरलगतच्या बेसातल्या आमच्या लेआउटमध्ये त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

काका उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले आणि त्यांनी इथे प्लॉट घेतला, तेव्हा कुंपणालगतचं ते उंच झाड आधीपासूनच होतं. काका गेल्यावर काकू एकट्याच राहायच्या. पानं तोडून जुन्या कुकरात उकळायच्या. शिट्टीच्या जागी नळी लावलेली, ती गार पाण्याच्या बादलीतून बाटलीत सोडलेली. दिवसभराच्या खटाटोपानंतर पाण्यावर तेलाचा पातळ थर दिसायचा.

"बाजारात मिळतं की, काकू," मी म्हणायची.

"मिळते. पण माह्या हाताले काम कोण देईन?"

ते तेल त्या सगळ्यांना फुकट वाटायच्या. गुडघ्यांना तिळाच्या तेलात मिसळून, फरशी पुसायच्या पाण्यात चार थेंब, नव्या स्टीलच्या डब्यावरचं चिकट लेबल काढायला बोळ्यावर थोडंसं. बाटली हातात देताना मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं, "हे अंगाले, घराले. पोटाले नाही. लहान लेकरापासून तर दूरच." इतक्यांदा ऐकलं होतं की आम्ही नुसती मान डोलवायचो.

आमच्या वर राहणाऱ्या पल्लवीचा मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला खोकला झाला म्हणून काकू आणि मी एका दुपारी बघायला गेलो. पल्लवी मोबाइलवर काहीतरी वाचून चमच्यात मध आणि तेल कालवत होती. काकू ताडकन उठल्या आणि त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. चमचा सोफ्याखाली गेला.

"पाजून राहिली का त्याले? कोणी सांगतलं तुले?"

"दोन थेंब तर होते! आणि तेल तुम्हीच दिलंय ना?" पल्लवीचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात माझ्यावर हात उचलायचा नाही."

काकूंनी बाटली उचलली आणि त्या निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस दोघींची बोलचाल बंद होती.

मग एका सकाळी काकू माझ्या दारात आल्या. "चाल वं, वर जाऊ. एकटीनं जमत नाही मले."

पल्लवीनं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. काकू उभ्याउभ्याच बोलल्या.

"माहा पहिला पोरगा, सोनू. खोकला होता. सासूनं चमचाभर हेच तेल पाजलं. लय जीव होता तिचा त्याच्यावर. मी बाजूलेच उभी होती. लेकरू निपचित पडलं, मंग झटके आले. नागपूरले आणेपर्यंत गेलं. तुले मारलं, ते चुकलं माहं. पण सगळ्याले नुसतं 'पोटाले नाही' म्हणत राहिली, काहून ते कोणालेच सांगतलं नाही. तेही चुकलंच."

पल्लवीनं खुर्ची पुढे केली.

न राहवून मी विचारलं, "काकू, मग हे झाड तोडलं का नाही तुम्ही?"

"माणूस बोलावला होता तोडाले. कुऱ्हाड घेऊन आला अन् म्हणे, बाई, पानं नेऊ का, पोराले सर्दी हाये. काय करशीन म्हटलं, तं रस काढून पाजतो म्हणे. मंग म्या त्याले वापस धाडलं. एक झाड तोडून काय होते? सांगाले कोणी तरी पाहिजे."

आतून मुलगा रांगत आला. पल्लवीनं त्याला उचलून काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी त्याला जवळ घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा काकूंची मुलगी त्यांना मौद्याला आपल्या घरी घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात तिथेच त्या वारल्या.

आता लेआउटमध्ये लहान मुलाचं बिऱ्हाड आलं की पल्लवी स्वतः भेटायला जाते. सोनूला तिनं कधी पाहिलेलं नाही, पण त्याचं नाव घेऊनच ती बोलायला सुरुवात करते.