अल्बानियातली बंद घरं

"या गावात डेपो टाकून आम्ही औषधं कोणाला विकायची?" आर्बेनने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

आर्बेन आमचा अल्बानियातला क्लायंट, औषधांचा वितरक. मी सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसात नेटवर्क प्लॅनर. म्हणजे डेपो कुठे ठेवायचे, हे मी कधीही न पाहिलेल्या देशांना आत्मविश्वासाने सांगतो. शेजारी माझी बॉस, सेरीन. हे काम गेलं तर माझं प्रमोशनही गेलं, असं तिने सकाळीच ऐकवलं होतं.

"लोकसंख्या बघा ना," मी म्हणालो. "डोंगरपट्ट्यात सगळ्यात जास्त."

"आकडा कुठला?"

"नागरी नोंदणीचा." जनगणनेपेक्षा तो मोठा होता, म्हणून मी खूश होऊन उचलला होता.

"त्यातले बरेच इटलीत आणि जर्मनीत आहेत. ऑगस्टमध्ये येतात तेव्हा गावात गाडी लावायला जागा नसते. आत्ता फेब्रुवारीत घरांना कुलपं आहेत. आणि शेजारचं गाव तुमच्या वर्तुळात आहे खरं, पण मध्ये डोंगर आहे."

वर्तुळ म्हणजे कॅचमेंट, एका डेपोतून माल पोचेल तेवढा भाग. मी तो सरळ कंपासने काढावा तसा गोल काढला होता. सिंगापुरात खपतं. इथे डोंगर म्हणून जे दाखवतात, त्यावर माझी मुलगी पळत चढते.

सेरीनने माइक म्यूट केला. "यू नेव्हर चेक, इझ इट?"

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी संगमेश्वरकडचा. गणपतीत आमच्या वाडीत पंगतीला जागा पुरत नाही, एरवी आई आणि चार म्हातारी माणसं. पलीकडची वाडी समोर दिसते, पण जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. मतदार यादीत मी अजून तिथेच आहे. राहतो सिंगापुरात, पुंगोलला.

माइक चालू करून मी हे सगळं आर्बेनला सांगून टाकलं. तो पहिल्यांदाच हसला.

"मग आईला औषधं कशी पोचतात?"

"तालुक्याच्या दुकानातून. ओळखीचा रिक्षावाला घेऊन जातो."

"मग आम्हाला वेगळं काय हवंय?"

डेपो खाली, रस्ते एकत्र येऊन मिळतात त्या गावात गेला. वर छोट्या व्हॅन. कुठे माणसं आहेत हे ड्रायव्हरांनी कुठल्या घराच्या धुराड्यातून धूर येतो ते बघून सांगितलं. ऑगस्टसाठी वेगळा प्लॅन केला.

काम राहिलं. प्रमोशनबद्दल सेरीन म्हणाली, "नेक्स्ट इयर सी हाऊ, लाह."

आता कुठल्याही देशाची लोकसंख्या हातात आली, की आधी मी त्यातून माझ्यासारख्यांना वजा करतो.