बोंबील उतरवल्यानंतरचा वास

आमच्या गाडीला सीएनजीचं किट आम्ही बाहेरून बसवून घेतलं होतं. खर्च कमी आणि धूरही कमी, एवढा साधा विचार त्यामागे होता. डिकीतली निम्मी जागा सिलिंडरने खाल्ली आणि उरलेल्या जागेत सामान कोंबायची सवय लागली. गाडी मी जपून चालवत असे. सिग्नल मोठा असला की इंजिन बंद करायचं, टायरमधली हवा वेळेवर तपासायची, उगाच रेस द्यायची नाही. पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, तेवढ्यापुरती सिलिंडरची आठवण व्हायची.

मे महिन्यात आई पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवते. ती मूळची मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली, चारकोपमध्ये म्हातारी झाली, पण बोंबील तिला मढच्या कोळणीकडचेच लागतात. एकेक मोडून बघितल्याशिवाय ती घेत नाही. त्या वर्षी बोंबील आणि सुकट मिळून मोठं गाठोडं झालं. डिकीत ते मावेना, तेव्हा मी आणि बायकोने दोन्ही बाजूंनी रेटून ते सिलिंडरच्या अंगाला बसवलं.

घरी आल्यावर गाठोडं वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर मांजरं बसलेली होती. एक मांजर खिडकीच्या फटीतून आत पंजा घालत होतं. त्या दिवसापासून मी काचा पूर्ण बंद ठेवायला लागलो.

वास मात्र गेला नाही. बायकोला रोज अंधेरीला जाताना मी वाटेत सोडत असे. ती सबंध रस्ताभर नाकाला ओढणी लावून बसायची. डिकी पुसली, खाली अंथरलेलं कापड धुतलं, आरशाला कापराची पुडी लटकवली. एका जेवणाच्या वेळी ती म्हणाली की अंडं कुजावं तसा वास येतो, डोकं दुखतं. आईने भाताचा घास तसाच हातात धरला.

"खाताना नाय येत गो तो वास?"

आई म्हणाली की नीट सुकलेला बोंबील कुजत नाही, तिच्या बोंबलांना असला वास नाही. आम्ही ते मानापमानाच्या खात्यात टाकलं. त्याच आठवड्यात गॅस नेहमीपेक्षा लवकर संपला. उकाड्याचे दिवस होते, मी एसीला दोष दिला.

रविवारी सकाळी आम्ही मुलुंडला नातेवाइकांकडे निघणार होतो. मी आणि बायको जिना उतरत असताना ती सहज म्हणाली, "मांजरं दिसत नाहीत हल्ली."

खरंच दिसत नव्हती. मासळीचा वास गेल्याचं मांजरांना कळलं होतं. मग गाडीत राहिला होता तो वास कशाचा, हा प्रश्न मला शेवटच्या पायरीवर पडला. उत्तरही तिथेच मिळालं, आणि मी गाडीकडे धावलो.

आई आमच्याआधी खाली गेली होती. खुंटीवरची किल्ली तिनेच घेतली होती. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होती, काचा बंद, दारं बंद. आई मागच्या सीटवर बसली होती. शेजारी धुपाची वाटी होती, मांडीवर आगपेटी. सुनेच्या तक्रारीचा निकाल तिने आपल्या पद्धतीने लावायचं ठरवलं होतं. वाऱ्याने काडी विझू नये म्हणून तिने दार लावून घेतलं होतं.

मी ओरडलो नाही. ती दचकली तर हात काय करेल, याची खात्री नव्हती. बोटाने काचेवर टकटक केलं. तिने वर पाहिलं, मी अडवायला आलो आहे हे ओळखलं आणि तोंड फिरवलं. काडी तिच्या बोटांत होती. मी दार उघडलं. गाडीच्या आतला दिवा लागला. तो दिवा आजही मला स्वप्नात दिसतो.

"आई, काडी ओढू नकोस. बाहेर ये."

"वास जावक व्हयो ना तुमका?"

"गॅस आहे तो, आई."

ती हलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मी कधीपासून सांगतंय, ह्यो माझ्या बोंबलांचो न्हय."

बायकोने तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि फाटकापर्यंत नेलं. मी बाकीची दारं उघडली, डिकी उघडली, चाचपडत सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. वॉचमनला सांगून जिन्यात बिडी ओढणाऱ्या एका शेजाऱ्याला लांब पाठवलं.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या किटवाल्याने येऊन पाइपच्या जोडावर साबणाचा फेस लावला. फेसाला फुगे आले. गाठोड्याच्या रेट्याने जोड ढिला झाला होता, आणि गळलेला गॅस बाहेर नेणारी नळीही निसटली होती. सिलिंडरला सामान टेकवायचं नसतं, असं तो म्हणाला. आम्ही मान डोलावली.

फाटकापाशी आई तशीच उभी होती. बायको तिची मूठ सोडवत होती. काडी आतच होती, घामाने गुल ओला होऊन तिच्या तळव्याला लागला होता.

पुढच्या मेमध्ये आम्ही पुन्हा मढला गेलो. गाठोडं आईने मांडीवर घेतलं. गाडीत बसण्याआधी मी डिकी उघडली, आणि आम्ही तिघंही वाकून वास घेत राहिलो.