बैठकीची उत्तरेकडची भिंत

दोह्यातल्या सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर जतन करण्याचं काम चाललं होतं, आणि शहाजी गवंड्याला त्या घराचा आता थकवा आला होता. घर वाईट नव्हतं. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, वर खारफुटीचे गोल वासे, आतून जिप्समचा पांढरा गिलावा. पण शहाजीचा उजवा खांदा वर जाईना आणि घशातली धूळ चहानेही उतरेना.

कळंबजवळच्या खेड्यातून तो कतारला आला तेव्हा उंच इमारतींची कामं होती. ओळंबा सोडायचा, पट्टी फिरवायची, भिंत सरळ करून पुढच्या मजल्यावर जायचं. या घरात सगळं उलटं. जुन्या कारागिरांनी गिलावा नुसत्या हाताने ओढलेला. भिंती कुठे फुगलेल्या, कुठे आत गेलेल्या, आणि त्या तशाच राखायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला चेष्टाच वाटली. मग हळूहळू हात बसला.

आता गिलाव्याची एकच भिंत उरली होती, बैठकीच्या खोलीतली उत्तरेकडची. ती झाली की कायमचं गावी. बायको फुलाबाई हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या येण्यावर अडलं होतं. मुली सासरी; डोळ्यात औषध घालायला घरात दुसरं कुणी नाही. आधी छतासाठी त्याने तिकीट पुढे ढकललं, मग दारांसाठी. दोन्ही वेळा तिने डॉक्टरांकडून तारीख बदलून घेतली. परवा फोनवर म्हणाली, "लवकर या. न्हाईतर मला तुमचा नुसता आवाजच वळखू यायचा." हसत म्हणाली, पण त्याला ते लागलं. तिकीट शुक्रवारचं होतं.

घाई झाली की हात जुन्या वळणावर जातो. शेजारी नव्या न्हाणीघराचं काम चालू होतं, तिथली पट्टी त्याने कधी उचलली, ओळंबा कधी सोडला, त्याचं त्यालाही कळलं नाही. संध्याकाळी भिंत सपाट, गुळगुळीत उभी होती.

"काच झाली, शहाजीभाऊ!" देवीदास म्हणाला. तो त्याच्याच खोलीत राहणारा, चाळिशी ओलांडलेला बिनलग्नाचा गवंडी. "यल्ला, चला, बसा आता विमानात."

सकाळी पूर्णिमा आली. ती पुण्याची, जुन्या इमारतींची आर्किटेक्ट. या कामावर तिचाच शब्द शेवटचा. दारातून येणारं ऊन बाकीच्या भिंतींवर बारीक सावल्या धरत होतं, या भिंतीवरून मात्र नुसतं घसरत होतं.

"शहाजीकाका, हे काय केलंत?"

"भिंत केली."

"ही दुखानच्या तेल कंपनीतल्या क्वार्टरची भिंत झाली. कॅलेंडर तेवढं अडकवायचं राहिलंय."

देवीदास फिसकन हसला. शहाजीने भिंतीकडे पाहिलं. आता त्यालाही दिसलं.

"हात गेला, म्याडम. आमच्याकडं भिंत वाकडी केली तर लोक गवंड्याला परत दारात उभं करत न्हाईत. हाताला तेवढंच ठावं."

"काढावी लागेल."

"शुक्रवारी जायचंय मला."

"माहितेय." ती उंबऱ्यावरच टेकली. तिचाही चेहरा ओढलेला होता. "मॅनेजर म्हणतात, तिकीट महिनाभर पुढे घ्या. तुम्हाला विचारायचं काम माझ्याकडे दिलंय."

"तुमचं काय म्हणणं?"

"मला भिंत हवीय, काका. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही इथे. खोटं कशाला बोलू?"

शहाजी बराच वेळ हातावरचा वाळलेला गिलावा खरवडत राहिला. आजवर अशा वेळी तो 'बरं' म्हणत आला होता.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "छतासाठी थांबलो, दारांसाठी थांबलो. घर एवढी वर्षं थांबलंय, आनखी थोडं थांबंल. तिचा डोळा न्हाई थांबायचा."

पूर्णिमा उठली. "जा मग. पण हे काढायला कुणीतरी हातोडा घेऊन येईल आणि खालचा दगड फोडून ठेवेल."

"तेवढं काढून जातो मी."

उरलेले दिवस त्याने आपलीच भिंत उतरवण्यात घालवले. पाणी मारायचं, मऊ पडली की थापीच्या कडेने हलके सोडवायची. खांदा दुखला की डाव्या हाताने. मधूनमधून देवीदासला कोपऱ्यात हाताने गिलावा ओढायला लावायचा.

"दाबू नको. लेकराच्या पाठीवरनं फिरवतोस तसा हात फिरव."

"माझं लगीन कुठं झालंय, भाऊ?"

"मग म्हशीच्या पाठीवरनं फिरव."

गुरुवारी भिंत उघडी झाली. खालचे खडबडीत दगड जागच्या जागी होते. देवीदासचा कोपरा धड ना सरळ, धड ना जुन्यासारखा. पूर्णिमाने तो पाहिला; शहाजीला मात्र वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याला फार अवघडल्यासारखं झालं.

खोलीवर बॅग भरता भरता फोन आला.

"झाली का भिंत?" फुलाबाईने विचारलं.

"न्हाई झाली."

"मग डॉक्टरला सांगू का, पुढची तारीख—"

"काय बी सांगू नको. मी येतोय."

"काम टाकून?"

"टाकून."

"अगोबाई," ती म्हणाली, "आता कोन करंल ती?"

"देवीदास."

"त्याला येतं व्हय?"

"यील तवा यील," शहाजी म्हणाला. बॅगेची चेन एका हाताने लागेना, म्हणून त्याने फोन गादीवर ठेवला.