डाव्या वैलाची चूल

अगं, तिकडं लांबून काय ऐकताय? सरका जरा जवळ. उभ्या उभ्या, एक डोळा इथं आणि एक भलतीकडं असं वाचायची सवय लागलीय तुम्हाला... हे तसं वाचायचं नाही हं. टेकून बसा, मग सांगते.

आधीच बजावते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मला काही पटत नाही. भूक लागली की मी एकादशीसुद्धा मोडते. तरी हे झालं, आणि माझ्यासमोर झालं.

पंचावन्न-छप्पनचा सुमार. पिंपरीत औषधाचा कारखाना निघाला होता आणि आमचे अण्णा नगरकडून येऊन तिथं कामाला लागले होते. आम्ही तिघं — आई, अण्णा, मी — आकुर्डीला अण्णांच्या चुलत्याच्या पडवीत राहत होतो. तेव्हाची आकुर्डी म्हणजे शेतं आणि चार आळ्या.

चिंचवडला पवनेकाठी तंबूचा सिनेमा आला होता. खेळाआधी माणसं गोळा करायला भोंग्यावर रेकॉर्डी लावायचे. वारा आमच्या बाजूचा असला की दिवेलागणीला गाणं आकुर्डीपर्यंत यायचं... पण अर्धं. वारा पडला की अंतरा गेलाच! आई भाकरी थापता थापता त्या गेलेल्या जागी माझं नाव घालायची. सुमे-सुमे-सुमे, बरोब्बर चालीत.

"आई, गाण्यात माझं नाव नाहीये!"

"मग काय आहे? तू ऐकलंयस? नाही ना? मग तूच आहेस."

तिनं सिनेमा कधी पाहिला नव्हता. अण्णा म्हणायचे, "आपली खोली झाली की दाखवतो." ती म्हणायची, "मग खोलीच तंबूजवळ बघा. पडल्या पडल्या अख्खं गाणं तरी ऐकेन."

आणि मग तिला खोकला लागला. पुण्याच्या अलीकडं क्षयाचा दवाखाना होता, तिथं ठेवली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, वेगळी हवेशीर खोली असेल तर न्या घरी. पडवीत कुठली वेगळी खोली!

झालं — आमची वणवण सुरू. सुट्टी असली की अण्णा मला सायकलवर पुढं बसवून निघायचे. रहाटणी झाली, पिंपरी झाली. सगळीकडं एकच प्रश्न, "मंडळी कुठंयत?" अण्णा खरं सांगायचे आणि खोली नेमकी तेवढ्यात कुणाला तरी दिलेली निघायची. त्यांना तरी काय बोल लावायचा? त्या रोगाला सगळे भ्यायचे.

शेवटी चिंचवडात ठकूबाईची खोली दिसली. दोन खिडक्या, आणि अंगणातून तंबूचं टोक दिसत होतं! अण्णांनी ते टोक बघितलं आणि त्यांची जीभ घसरली. "मंडळी माहेरी गेलीय," म्हणाले.

"मग येऊ द्या," ठकूबाई म्हणाली. "बाई बघितल्याबिगर म्या कुलूप काढत न्हाई. तिनं यावं, तिची चूल घालावी, मंग खोली तुमची."

तेव्हा रीतच होती तशी. जुनी भाडेकरीण जाताना आपली मातीची चूल मोडून जायची, नवी आपल्या हातानं घालायची. दुसरीच्या चुलीवर कुणी रांधत नसे.

अण्णांना ते खोटं पचेना. पुढच्या सुट्टीला म्हणाले, "चल ताई, खरं सांगून टाकू. नाही म्हणाली तर नाही." मला ते ताईच म्हणायचे.

गेलो, तर खोलीचं दार उघडं!

"या की," ठकूबाई हसत म्हणाली. "कालच आल्ती तुमची मंडळी."

"कोण?"

"कोन म्हंजे? किती बायका हायेत तुमाला? माती मागितली, भुसा मागितला, चूल घालून गेली. च्या घे म्हनलं तर म्हनली घाई हाय. लई वाळलीय वो... माहेरी खायला घालत न्हाईत व्हय?"

आत चूल होती. ओली. आणि तिचा वैल — शेजारचं ते भांडं ठेवायचं तोंड — डाव्या बाजूला. ठकूबाईच्या चुलीचा उजवीकडं, सगळ्यांचाच उजवीकडं. आमची आई डावखुरी होती.

"आन गुनगुनत हुती सारखी. तंबूतलं त्ये नवं गानं. मधीच सुमे-सुमे करायची. सुमी कोन गं, पोरी?"

मी अण्णांचा सदरा घट्ट धरला.

तिथून थेट दवाखाना. पोरांना आत सोडत नसत, मी खिडकीच्या जाळीशी उभी. नर्स अण्णांना सांगत होती, चार दिवस झाले, बाई उठून बसलेली नाही. मी आईच्या नखांकडं बघितलं. माती नव्हती. लिहायचं म्हणून खोटं लिहिणार नाही.

अण्णांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. आईच म्हणाली, "एवढ्यात पेटवू नका हं. ओली आहे, तडा जाईल."

मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. "अख्खं गाणं ऐकलं मी... सुमे, खरंच गं. तुझं नाव नाहीये त्यात."

चूल वाळायच्या आत आई गेली.

ठकूबाईनं खोली काढून घेतली नाही. आई कुठल्या माहेरी होती ते अण्णांनी सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "तरीच च्या घेतला न्हाई." सुतकात तिच्याच घरून भाकरी यायची. तेरावं झाल्यावर मी चूल पेटवली. एक तडा नव्हता. मी उजव्या हाताची. डाव्या वैलावर हात आडवा जायचा, मनगट भाजायचं. तरी लग्न होऊन जाईपर्यंत मोडली नाही.

कुणी म्हणतं ठकूबाईनंच घातली असेल, कुणी म्हणतं भलतीच बाई येऊन गेली. असेलही. पण मग माझं नाव? मला आजवर उलगडलं नाही, आणि आता उलगडायचं राहिलंय असंही वाटत नाही.

ते गाणं पुढं मी अख्खं ऐकलं. नाव नाहीच. मी आपली घालते.

अजून चिंचवडातच असते मी. गॅस आहे, घर मोठं आहे, माणसं तेवढी कमी झाली. या गं एकदा, लवकर या. आणि चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही... घाई आहे असं तर म्हणूच नका.